फ्रान्सची भावकी

खालापूरच्या आमच्या लोहाराला प्रत्येक वाक्यामागे ऐरणीवर एक रिकामा घाव घालायची सवय होती. त्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नसे.

एकदा त्याने घाटाखाली बंद पडलेली एका फ्रेंच साहेबाची मोटार चालू करून दिली. साहेबाचं आडनाव लफेव्र. ड्रायव्हरने त्याला सांगितलं, की या आडनावाचा अर्थच लोहार. तिकडे गावोगाव एक लोहार असायचा, म्हणून ते देशभर पसरलं.

"म्हंजे समदी आमचीच भावकी रं!" ठण्ण.

तेव्हापासून येईल त्याला तो फ्रान्सच्या भाऊबंदांचं कौतुक ऐकवी. शेजारच्या चौक गावातल्या सख्ख्या चुलतभावाशी मात्र, तोही लोहारच, एका भात्यावरून त्याचा अबोला होता.

पुढे लढाईत पॅरिस पडलं. ती बातमी मीच त्याला वाचून दाखवली, हा माझा गाढवपणा. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगराचा फाळ घेऊन गेलो, तर भट्टी थंड आणि हा मिशी उतरवून ओट्यावर बसलेला.

"सुतक हाय. किती लफेव्र गेलं आसतील, कोनाला ठावं!" घावासाठी हात उठला, पण त्याने तो गुडघ्यावर हळूच टेकवला.

चडफडत मी चौकच्या भावाकडे निघालो, तर तोच समोरून आला. त्याचीही मिशी गायब.

"भावकीचं सुतक आमालाबी लागतं," असं म्हणून तो ओट्याशी उभा राहिला. आमच्या लोहाराने सरकून त्याला जागा दिली.

मी बोथट फाळ घेऊन तिथेच ताटकळत होतो.

"तुमी पन बसा," लोहार म्हणाला, "बातमी तुमीच आनली नाय का?"