शेजारच्या खाटेचा नंबर

आईचा जुना फोन त्या थंडीत फुगला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं, आणि ती त्याला रबर बँड गुंडाळून वापरत होती. मी ओरडले की म्हणायची, "बोलता येतंय ना? मग झालं." शेवटी मीच एक दिवस नवा फोन घेऊन आले.

बागबाजारात एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी भाड्याने राहतो. मी नोकरीसाठी कलकत्त्याला आले ती इथलीच झाले. बाबा गेल्यावर सांगलीचं घर बंद करून आईलाही घेऊन आले. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळी हयात गावातल्या पोरांना बाराखडी शिकवण्यात गेली, आणि म्हातारपणी अशा ठिकाणी आली जिथल्या दुकानांच्या पाट्याही तिला वाचता येत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंशी ती हिंदीत बोलते, भाजीवाल्याशी हातवारे करून. मराठी बोलायला संध्याकाळी मी, आणि दिवसभर फोन. चॅटिंग तिला आवडत नाही. "मला बोलायचं असतं, लिहायचं नसतं," म्हणते.

त्यामुळे नवा फोन हातात घेतल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो, "माझे सगळे नंबर येतील ना यात?"

"येतील गं. पाच मिनिटांचं काम आहे."

ते पाच मिनिटांचं काम मी मीटिंग सुरू होण्याआधी उरकायला घेतलं. नंबर जुन्या फोनच्या मेमरीत होते. ते कुठल्या तरी अकाउंटवर चढवायचे आणि नव्या फोनवर उतरवायचे, एवढंच. आईचं अकाउंट होतं, पण पासवर्ड तिला आठवेना. नवीन काढायचं तर तिची जन्मतारीख, तिला येणारा कोड, हे सगळं आलं. लॅपटॉपवर मीटिंगची घंटा वाजायला लागली होती. मी दोन्ही फोनवर माझंच ऑफिसचं अकाउंट टाकलं. नंबर भराभर आले. आईने ओळखीची नावं वर-खाली सरकवून बघितली आणि खूश झाली. "नंतर बदलून देते," असं मी तिला म्हणाले, की मनातच म्हणाले, ते आता आठवत नाही. जुना फोन पूर्ण पुसून मीच दुकानात देऊन आले.

उन्हाळ्यात मी नोकरी बदलली. निरोपाचा केक कापला, लॅपटॉप जमा केला आणि घरी आले. नव्या नोकरीवर जायला आठवडा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी उशिरा उठले. आई गॅलरीत फोन हातात घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर होता.

"अगं, यातली माणसं कुठे गेली?"

मी फोन घेतला. यादी कोरी होती. एकही नाव नाही. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. ऑफिसने माझं अकाउंट बंद केलं होतं, आणि अकाउंटबरोबर त्यावर ठेवलेलं सगळं.

"मी काही दाबलं का गं?" आई म्हणाली. "सकाळी त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी ओके केलं. मला वाटलं, नेहमीचंच असेल."

"नाही आई. तू काही नाही केलंस. माझ्यामुळे झालंय."

मी तिला सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "बरं. मग आता कसे आणायचे?"

मी जुन्या ऑफिसातल्या ओळखीच्या मुलाला फोन केला. त्याने चौकशी केली आणि दुपारी कळवलं, की अकाउंट पुसलं गेलंय, आता काही होणार नाही. नोकरी सोडताना खाजगी गोष्टी काढून घ्या, अशी मेल सगळ्यांना येते म्हणे. मलाही आली असणार. त्या मेलला मी 'धन्यवाद' असं उत्तरही दिलं असणार.

मग मला सुचलं की नावं गेली असली तरी केलेल्या आणि आलेल्या फोनचे नुसते नंबर अजून दिसताहेत. संध्याकाळी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलापाशी बसलो. मी एकेक नंबर लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि पलीकडून आवाज आला की आईने ओळखायचं.

ती 'हॅलो' वरच ओळखायची. "धाकटी जाऊ," ती हळूच मला सांगायची, आणि मग फोनकडे तोंड करून, "काय गं, झाला का चहा?" पलीकडच्यांना वाटायचं आईने सहज फोन केलाय. ती कोणालाच सांगत नव्हती की मुलीने सगळे नंबर घालवले. एक नंबर गॅसवाल्याचा निघाला. एक तिच्या शाळेतल्या शिपायाचा होता. तो इतका हरखला की त्याने नातवाला फोनवर पाढे म्हणायला लावले. आई सातच्या पाढ्यात त्याला दुरुस्त करत होती आणि हसत होती. मीही हसले. मला वाटलं, निभावलं.

यादी संपल्यावर मी नवीन अकाउंट काढलं, या वेळी तिच्या नावाने. सगळे नंबर त्यात घातले. बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या ठिकाणीही ठेवला. पासवर्ड तिच्याकडून पाठ करून घेतला. "झालं बघ," मी म्हणाले.

आई बोटाने टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत होती. "आणि जे यात नाहीत ते?"

"कोण नाही?"

"आहे एक."

तेव्हा मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा कळलं. बाबा मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होता, आणि त्याच्याजवळ त्याची बायको. दोघींनी ते दिवस एकमेकींच्या आधाराने काढले. आई औषधं आणायला गेली की ती बाबांकडे बघायची. ती भाकरी खायला गेली की आई तिच्या नवऱ्याकडे. बाबा गेले तेव्हा आईजवळ तीच होती. मी नव्हते. प्रोजेक्ट सोडून निघता येत नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पोचले तेव्हा आईला घरी आणलं होतं.

त्या बाईचा नवरा वाचला. दरवर्षी श्रावणात, बाबांच्या तिथीला, आई तिला फोन करायची. "तो कसा आहे ते विचारते. चालतो, फिरतो, भांडतो, असं ती सांगते. बरं वाटतं." वर्षातून तेवढा एकच फोन. नवीन फोन आला तो त्यानंतर, त्यामुळे केलेल्या फोनच्या यादीत तिचा नंबर असायचं कारणच नव्हतं.

"तुझ्याकडे तिचं नाव, गाव?"

"नाव मी कधी विचारलंच नाही. ती मला बाई म्हणायची, मी तिला अगं. फोनमध्ये 'शेजारची खाट' म्हणून ठेवली होती. गाव जतकडचं कुठलं तरी."

"ती करेल की तुला फोन."

"नाही करायची. तिला अवघड वाटतं. एकदा म्हणाली होती, बाई, तुमचा दिवस हा असा, आणि माझा माणूस इथं समोर बसून चहा पितोय. मी कुठल्या तोंडानं फोन करू?"

पुढचे काही आठवडे मी नव्या ऑफिसात कमी आणि त्या नंबरामागे जास्त होते. दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की पेशंटची माहिती देता येत नाही. ते बरोबरच होतं. ज्या दुकानात जुना फोन दिला होता तिथे गेले; तो केव्हाच कुठे गेला होता, आणि असता तरी पुसलेला होता. आईच्या सिमवरून केलेल्या फोनचा जुना तपशील कंपनीकडे मागितला, तर इतका मागचा ठेवत नाहीत म्हणाले. आई प्रत्येक वेळी एवढंच विचारायची, "नाही ना?" आणि मी नाही म्हटलं की स्वयंपाकघरात जायची. एकदा म्हणाली, "जाऊ दे आता. तू तरी किती पळशील?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिथीला मी रजा काढली. एरवी काढत नाही. आईने पहाटे अंघोळ केली, वरणभात केला, गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं. बाहेर शहराभोवती फिरणाऱ्या चक्ररेलची गाडी गंगेच्या काठाने गेली की खिडक्या थरथरतात. तेवढाच काय तो आवाज. आईने फोन चार्ज करून देवाजवळच्या स्टुलावर ठेवला होता. मी न बोलता तिच्या आसपास वावरत राहिले. धाकट्या काकूचा फोन आला, मामाचा आला. प्रत्येक वेळी आई उठताना हात पुसायची. संध्याकाळी तिने फोन उचलून नेहमीच्या जागी ठेवला आणि "दिवा लावते" म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

चार-सहा दिवसांनी मी ऑफिसमधून येऊन चप्पल काढत होते, तेव्हा आईचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आईने उचलला आणि मी शिकवलं होतं तसं स्पीकरवर टाकला.

पलीकडे एक तरुण बाई होती. "बाई हायत का? कलकत्त्याच्या बाई?"

"मी बोलतेय."

लगेच मागे वळून ती ओरडली, "आत्ती, हायत! हायत ओ, त्याच बोलत्यात!"

मग धडपडल्यासारखा आवाज झाला आणि दुसरी बाई फोनवर आली. नुसतं रडणं ऐकू येत होतं. आई तिला "अगं, अगं" करत राहिली.

"बाई, तुमचा फोन न्हाई आला," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, गेल्याच तुमी. चार रोज झालं, हे म्हणत्यात फोन लाव, फोन लाव. माझा हातच होईना. कुनी तिसऱ्यानंच उचलला न् सांगितलं तर? आज सुनेनं लावला बघा."

मी एक चप्पल पायात, एक हातात अशी दारातच उभी होते. आई दिवसभर वाट बघून गप्प झाली होती, आणि तिकडे कोणीतरी चार दिवस तिच्यासाठी रडत होतं. मीटिंगला उशीर होऊ नये म्हणून मी वाचवलेल्या त्या थोड्याशा वेळाचं हे असं झालं होतं.

"अगं, मी कसली जातेय?" आई म्हणाली. "फोनच बिघडला होता मेला. सगळे नंबर गेले त्यातले."

फोन बिघडला होता. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मग त्या दोघी बोलत बसल्या. नवरा बरा होता, गुडघे धरलेत म्हणून शेतात जात नव्हता, घरात बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. आईने त्याला दोन शब्द सुनावायचे म्हणून फोन त्याच्याकडे द्यायला लावला आणि वर्गात दम देतात तसा त्याला दम दिला. त्या बाईला खरंच विचारायचं होतं, की तिकडं बंगालात जुन्या मराठा स्वारांची, म्हणजे आपल्याच लोकांची, भीती घालून पोरांना झोपवतात म्हणे, तर बाईंना कुणी काही त्रास देत नाही ना? आई म्हणाली, "मलाच खालच्या पोरांची भीती वाटते." बऱ्याच दिवसांनी तिचा तो वर्गातला मोठा आवाज घरात ऐकू येत होता.

अचानक तिने फोन माझ्यापुढे धरला. "घे, बोल. आलीय माझी मुलगी."

मी "नमस्कार" म्हणाले.

"तुमीच व्हय?" ती म्हणाली. "तुमच्या आईनं किती सांगितलंय तुमचं. दवाखान्यात दाराकडंच बघत बसायच्या. जिन्यावर पाय वाजला की म्हनायच्या, आली माझी. आज न्हाई आली तर उद्या येईल म्हनायच्या."

तिला त्यात दुखवायचं काही नव्हतं. ती कौतुकाने सांगत होती. समोर आई खुर्चीच्या हातावरचा धागा ओढत होती.

"मला पोचायला उशीर झाला," मी म्हणाले.

"व्हतंय की. एवढ्या लांबनं यायचं म्हंजी काय सोपं हाय का?"

आईनेच पुढे वाकून फोनमध्ये सांगितलं, "अगं, हिचा नंबर लिहून घे. माझा नाही लागला तर हिला करायचा. कधीही. आणि तिथीबिथी बघत बसायचं नाही."

तिकडे सुनेला हाक गेली, पेन शोधलं गेलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं गेलं. मी माझा नंबर एकेक आकडा करून सांगितला. सुनेने तो वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. मी तो दुरुस्त करून दिला आणि तिला पुन्हा सगळा वाचायला लावला.