आईचं गोंदण आणि गरम पाण्याचं गाव

धाकटा भाऊ नोकरीसाठी जपानात होता, तेव्हा आई आणि मी जबलपूरहून त्याच्याकडे गेलो. आईनं सत्तरी ओलांडली होती. भावानं आम्हाला डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या एका गावी नेलं. गटाराच्या जाळ्यांतूनही वाफ येत होती, आणि तरी रस्ते इतके लख्ख, की आई म्हणाली, "इथं चप्पल घालून चालायचं जिवावर येतं."

मुक्कामाच्या जागी मालकीणबाईनं गुडघे टेकून चहा पुढे केला आणि आईच्या हाताकडे पाहून ती थबकली. आईच्या मनगटावर हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं.

भाऊ ओशाळला. "आई, इथे गोंदलेल्यांना गरम पाण्याच्या कुंडात उतरू देत नाहीत. इथले गुंड अंगभर गोंदवून घेतात ना, म्हणून."

"मी गुंड दिसून राहिली का तुला? काहून रे, आधी नाही सांगितलं?"

मालकीणबाईनं भावाला काहीतरी विचारलं. हे कुणी काढलं, असं ती विचारत होती.

"माझ्या आईनं काढवून घेतलं. मी आठ वर्षांची होती. सांग तिला, दागिने चोर नेतो, हे मेल्यावरही सोबत येतं."

भावानं अडखळत सांगितलं. बाई आत गेली आणि कातडीच्या रंगाची एक चिकटपट्टी घेऊन आली. आईचा हात मांडीवर घेऊन तिनं स्वतः ती लावली, कडा अंगठ्यानं दाबून बसवल्या. नियमही राहिला आणि आईचा मानही.

पुढचा पेच वेगळाच होता. बायकांच्या कुंडात विवस्त्र उतरायचं. तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत अंगावरच्या लुगड्यानिशी बुडी मारणारी माझी आई! पण आत एक वाकलेली म्हातारी बुटक्या स्टुलावर बसून शांतपणे अंग घासत होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. आईनं क्षणभर ते बघितलं आणि माझ्याआधी पदर सोडला.

गरम पाण्यात पट्टी सुटली आणि तरंगू लागली. आईनं घाबरून हात पाण्याखाली लपवला. शेजारी येऊन बसलेल्या त्या म्हातारीनं पट्टी उचलून काठावर ठेवली. मग आईचा हात वर घेऊन गोंदणावरून हलकेच बोट फिरवलं आणि ती काहीतरी बोलली.

परक्या माणसाशी आई नेहमी हिंदीतच बोलायची. "माँ ने गुदवाया था, बचपन में," ती म्हणाली.

म्हातारीनं मान डोलावली. मग दोघी आपापल्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिल्या. आईचे डोळे भरून आले होते. मध्ये पडायची मला गरज वाटली नाही.

पहाटे जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. मी धावत खाली गेले. ती एकटीच कुंडात बसली होती, चेहरा लालबुंद.

"ये ना," ती म्हणाली, "लाजून काय राहिली?"