माझ्याकडं तर चालतंय

ईशान, रेवा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आता लिहिते आहे, कारण रविवारी ईशान फोनवर सांगत होता, ऑफिसात कुणीतरी फाईलचा पत्ता उलट्या रेघांनी लिहिला आणि सगळं काम अडलं. तू हसत होतास. मी फोन ठेवला.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात टॉवेलच्या कारखान्यांसाठी डिझाइनचा प्रोग्राम बनायचा. शंभरएक फायली जोडून तो तयार करणारी स्क्रिप्ट माझी. कुठली फाईल कुठल्या फोल्डरात, ते पत्ते मी हातानं लिहिलेले — विंडोजच्या रीतीनं, उलट्या तिरक्या रेघा देऊन. वर्षानुवर्षं कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मग श्रीलता आली. वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू. पंधरा दिवस झाले नसतील, साहेबांसमोर म्हणाली, "मॅडम, ह्या रेघा लिनक्सला कळत नाहीत. मी दुरुस्त केलंय. आता विंडोज, लिनक्स दोन्हीकडं चालतंय की."

बरोबर होतं तिचं. तेच सोसलं नाही — हे कारण नव्हे, नुसतं घडलेलं सांगते.

काय केलं मी? प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जायच्या आदल्या दुपारी, ती डबा खायला गेली असताना, तिची स्क्रिप्ट काढून माझी जुनी परत ठेवली. आणि — हेही लिहायलाच हवं — त्या जुन्या स्क्रिप्टच्या माथ्यावर नाव मात्र श्रीलताचं टाकलं. दोन मिनिटं लागली. मधे थांबले का? नाही.

गिऱ्हाइकाचा सर्व्हर लिनक्सचा. तिथं काहीच तयार होईना. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. श्रीलता पडद्याकडे बघत राहिली — रेघा माझ्या, नाव तिचं. मी तीच स्क्रिप्ट माझ्या विंडोजवर सगळ्यांदेखत चालवून दाखवली आणि म्हणाले, "माझ्याकडं तर चालतंय."

खोटं होतं का ते? एक अक्षरही नाही. म्हणूनच कुणी पुढं विचारलं नाही.

"तुम्हाला माहितीय, मॅडम," ती म्हणाली. एवढंच. संध्याकाळी साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या टेबलाचा खण मी लगेच पुसून घेतला.

ती पुढं कुठं गेली, विचारलं नाही. मला ती आवडत नव्हती. खरं सांगू? — आजही आवडत नाही. आजी आता मऊ झाली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते तुमचं तुम्ही बघा.

जुनी कुठलीही फाईल मी टाकत नाही. तिचीही टाकली नाही. काल कपाटातल्या पेन ड्राइव्हवरून ते सगळं फोल्डर काढलं. रेवानं इथं ठेवलेल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तिची स्क्रिप्ट चालवली, मग माझ्या विंडोजवर.

दोन्हीकडं चालते.