गोष्टीच्या तासातली पाच मिनिटं

कॉलेजने इंटर्नशिप सक्तीची केली तेव्हा माझ्या मैत्रिणी सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या गारेगार ऑफिसांत गेल्या आणि मी गेले सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात. उगाच समाजसेवेचा आव कशाला आणू? मला दुसरं कुणी घेतलंच नाही. बाबांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून चेन्नईत आलो, तेव्हा मी आठवीत होते. त्यामुळे माझं तमिळ रिक्षावाल्याशी भांडायला फर्स्ट क्लास आणि बाकी सगळ्याला काठावर पास. तरीही फॉर्मवर मी बिनदिक्कत लिहून दिलं की मला मुलांना गोष्टी सांगायला फार आवडतं.

बालविभागाच्या मॅडम तंजावरकडच्या मराठी घरातल्या होत्या. माझं आडनाव वाचून त्यांनी एकदम मराठी सुरू केलं. ते इतकं जुनं होतं की जीन्स घातलेली असूनही मला पदर सावरावासा वाटला, आणि वाक्य संपेपर्यंत त्या तमिळमध्ये पोचल्याही होत्या. बाई मनाने लाख होत्या. मला रोज घरची फिल्टर कॉफी पाजायच्या. पण एका बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. पाहुण्याशिवाय कार्यक्रम होऊच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी म्हटलं, मुलं येतात, आपण गोष्ट सांगतो, झाला की कार्यक्रम. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अक्षतांशिवाय लग्न लावायला निघाले होते.

तर दर शनिवारी अकरा ते बारा 'गोष्टीचा तास' असायचा. आधी समई लावायची, मग वंदनगीत, मग स्वागत. त्यानंतर पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनीच लिहून आणलेला असायचा. मग पोन्नाडै, म्हणजे जरीकाठाची शाल, त्यांच्या खांद्यावर घालायची आणि फोटो काढायचा. फोटो नीट आला नाही तर शाल काढून पुन्हा घालायची. मग पाहुण्यांचं भाषण, शेवटी आभार आणि राष्ट्रगीत. आणि गोष्ट? ती भाषण आणि आभार यांच्या मध्ये, वेळ उरला तर. साधारण पाच मिनिटं उरायची.

पाहुणे शाल तिथेच ठेवून जायचे. त्यांच्या घरी आधीच ढीग असणार. आम्ही ती घडी घालून पुस्तकांच्या कपाटात ठेवायचो. मी गेले तेव्हा खालचे दोन कप्पे शालींचे झाले होते आणि तिथली चित्रांची पुस्तकं टेबलाखाली खोक्यात बसली होती.

मी एक कासवाची गोष्ट रचली होती. इथल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, म्हटलं मुलांना जवळची वाटेल. एक पिल्लू अंड्यातून उशिरा बाहेर येतं. भावंडं केव्हाच समुद्रात गेलेली. त्याला रस्त्यावरचे दिवे दिसतात, तेच चमकणारं पाणी समजून ते उलट्या दिशेने चालायला लागतं. पहिल्या शनिवारी मी अंडं फुटेपर्यंत पोचले आणि मॅडमनी घड्याळ दाखवलं. दुसऱ्या शनिवारी पाहुणे नवे. त्यांना गोष्ट अर्ध्यावरून कशी ऐकवायची, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या शनिवारी सिरुसेरीच्या एका कंपनीचे साहेब आले. त्यांनी मुलांना पडद्यापासून दूर राहा हे पडद्यावर बत्तीस स्लाइड दाखवून सांगितलं. माझं कासव त्या दिवशी अंड्यातच राहिलं. चौथ्या शनिवारी ते कसंबसं बाहेर पडून रस्त्याकडे वळलं, तोवर बारा वाजले.

मुलं वीसेक असायची. त्यांतली बरीचशी बिस्किटांसाठी यायची, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण आठ वर्षांची एक मुलगी गोष्टीसाठी यायची. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यापर्यंत मोजे. तिची आजी बाहेर चपलांपाशी बसून राहायची. मुलीला माझी गोष्ट तोंडपाठ झाली होती. मी वाळू गरम म्हटलं की ती खालून सांगायची, "अक्का, मागच्या वेळी गार होती."

पाचव्या शनिवारी आजीने मला चपलांपाशीच गाठलं. मुलीच्या वडिलांना शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि ते सगळे तिकडे राहायला जाणार होते. पुढचा शनिवार शेवटचा. पोर रोज रात्री कासवाचं काय झालं म्हणून डोकं खाते, तेवढं एकदा संपवून टाक बाई, असं ती म्हणाली. मी मुलीसमोर वाकून शब्द दिला की पुढच्या शनिवारी काहीही झालं तरी शेवट सांगेन. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला होता, हे मला स्पष्ट दिसलं.

मॅडमनाही मी बजावून सांगितलं. त्या 'सरि, सरि', म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि कार्यक्रमपत्रिकेवर स्वतःच्या हाताने 'गोष्ट: वीस मिनिटं' लिहिलं. पण तो माझाही शेवटचा शनिवार होता, म्हणजे समारोप, म्हणजे तीन पाहुणे. पेन्सिली भेट देणारे जॉर्ज टाउनचे एक घाऊक व्यापारी, एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापक मुलांच्या आयुष्यातलं गोष्टींचं महत्त्व या विषयावर पस्तीस मिनिटं बोलले. ती मुलगी पुढे जमिनीवर बसून एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होती. मी हाताने खुणावलं, थांब, आहे वेळ.

बाराला सहा मिनिटं असताना मॅडमनी माइकवर माझं नाव घेतलं. मी धावतच पुढे गेले, तर समोर शाल! माझा सत्कार होता. सहा शनिवार गोष्टी सांगितल्याबद्दल. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाल घातली होती. डॉक्टरांना वेगळा फोटो हवा होता, मग व्यापाऱ्यांना हवा होता. मी प्रत्येक फोटोत दात दाखवून हसले. मग कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं. त्यानंतर कार्यक्रम संपतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

बिस्किटं वाटताना मला ती दिसली नाही. चपलांपाशी आजीही नव्हती. मी तशीच शालीसकट पळत सुटले. दोघी बसस्टॉपवर उभ्या होत्या.

"पोचलं का ते?" तिने विचारलं.

मी धापा टाकत म्हटलं, हो, पोचलं.

"कसं? ते तर रस्त्याकडे चाललं होतं ना?"

मी खांद्यावरची शाल सावरली. दुसऱ्या शनिवारीच मला कळलं होतं की शेवटापर्यंत जायची वेळ येणार नाही, म्हणून मी शेवट रचलाच नव्हता. शब्द दिल्यावर एक आख्खा आठवडा हातात होता, तरी नाही. सहा शनिवार मी पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि त्यांनी मला ती वीस मिनिटं खरंच दिली असती तर मी काय सांगणार होते? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती वाट बघत राहिली. बस आली. आजीने तिला पुढे चढवलं आणि मागून स्वतः चढली. मुलगी खिडकीशी आली.

"तुम्हाला माहीतच नाही, अक्का," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सर्टिफिकेट मिळालं. मी सहा शनिवारी मुलांना सहा गोष्टी सांगितल्या, असं त्यावर छापलं होतं. मी ते लॅमिनेट करून घेतलं.