आण्णांचा बुधवार

साठीच्या पुढचे दहा-बारा जण दर बुधवारी एकमेकांच्या घरी जमायला लागले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरी परत येईपर्यंत दोन-तीन तरी पदरात पडलेले असतात! नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या नाशिकच्या ज्येष्ठांच्या क्लबात नियम एकच. ज्याचा बुधवार, त्यानं चहा आणि एक पदार्थ स्वतःच्या हातानं करायचा. सुनेनं नाही, हॉटेलवाल्यानं तर नाहीच!

नियम माझा. तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत मी. कॉपीचा वास मला लांबून येतो.

*

सुलभाताईंकडे बटाटेवडे होते. पंचवीसच्या पंचवीस एका मापाचे!

"इतके एकसारखे कसे हो?"

"हाताला सवय आहे, बाई."

"आणि कढई?"

"घासून ठेवली."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. कढई कोरडी ठणठणीत, शिवाय आत कोळ्याचं जाळं! ती तशीच उचलून बाहेर आणली, तर सुलभाताई माझ्यावरच उखडल्या. "तुम्ही खायला येता की धाड घालायला?"

*

कदम एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. कुठंही गेले की नाक वर. "काहीतरी जळतंय!"

माझ्या घरी त्यांनी थेट मेन स्विच बंद केला. टॉर्च घेऊन एकेक फ्यूज काढून बघायला लागले. ते काही मोडून ठेवतील म्हणून मी त्यांच्या मागेमागे. आणि आत गॅसवर माझा शिरा करपून कोळसा!

कदमांनी वरवरचा खरवडून खाल्ला आणि म्हणाले, "चला, हा तुम्हीच केलाय एवढं तरी सिद्ध झालं!"

*

जोशींना डायबेटिस. त्यांच्या मिसेसचा बरोबर पाच वाजता, जिथं बुधवार असेल तिथल्या लँडलाइनवर फोन यायचा. एकदा मी उचलला.

"ह्यांनी गोड काही खाल्लं नाही ना?"

"छे हो! गप्प बसलेत बिचारे."

"गप्प? मग नक्की तोंडात लाडू आहे. द्या फोन त्यांना!"

जोशींनी फोन घेतला, आणि नुसतं "हं" म्हणाले.

*

आण्णा नामपूरचे, बोली अहिराणी. सगळा जन्म कांदा मार्केटात गेला. बायको गेल्यावर मुलाकडे आले, द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगमधले नोकरीवाले घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जायचे. बुधवारी इतके बोलायचे, इतके हसवायचे, की आठवड्याचं साठवून आणलंय असं वाटावं. पण स्वतःचा बुधवार आला की, "घरात रंगकाम चालू शे." नाहीतर, "नातवाची परीक्षा शे."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा टाळलं तर नाव कमी. हाही नियम माझाच.

"चिकट आहे म्हातारा!" कदम म्हणाले. मला वेगळा संशय. ह्यांना साधा चहासुद्धा येत नसणार! म्हटलं, बघूनच येऊ. एका सोमवारी न कळवता त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

सुनेनं साखळी न काढताच दार उघडलं. "बाबांकडे इथं कुणी यायचं नाही. त्यांना सांगून ठेवलंय मी."

फटीतून आण्णा दिसले. स्टुलावर बसलेले. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी तशीच जिना उतरले. स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. कुणाला काही बोलले नाही. बुधवारी नियम मागे घ्यायचा असं ठरवून गेले, पण माझ्याआधी आण्णांनीच घरी यायचं आमंत्रण दिलं.

"पुढला बुधवार मनाकडे. पहिला मजला."

*

बिल्डिंग तीच, दार दुसरं. आण्णा इस्त्रीच्या शर्टात, दारात उभे. "या, बठा बठा!"

कांद्याची भजी त्यांनी आमच्यासमोर तळली. अशी भजी क्लबात कुणी केली नव्हती. पण साखरेसाठी चार कपाटं उघडली. कदमांनी पंखा लावायला सांगितला, तर पाच बटणं दाबून झाली, पंखा काही सापडेना. भिंतीवर एका तरुण जोडप्याचा मोठा फोटो.

मी कदमांकडे पाहिलं, कदमांनी माझ्याकडे. आता हे काहीतरी बोलणार म्हणून मी भज्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"आण्णा," कदम म्हणाले, "घर छान ठेवलंय हो तुम्ही."

तेवढ्यात लॅचला किल्ली लागली. दार अर्धं उघडलं. फोटोतला तरुण, खांद्याला ऑफिसची बॅग. त्यानं दारातल्या चपला पाहिल्या, आम्हाला पाहिलं, हातात झारा घेतलेल्या आण्णांना पाहिलं. आणि हळूच दार परत ओढून घेतलं.

मग बेल वाजली.

आण्णांनी जाऊन दार उघडलं.

"आण्णा," त्यानं विचारलं, "येऊ का आत?"