सर्जा गेटबाहेर गेला त्याची गोष्ट

आमच्या सासरी ट्रॅक्टरला पुरणपोळी खाऊ घालतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला सासूबाईंनी माझ्या हातात नैवेद्याचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "जा, सर्जाला घास दे." मी सदाशिव पेठेत वाढलेली, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. ताट घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैल शोधत फिरले (हडपसरातल्या चार मजली इमारतीखाली बैल!). शेवटी सासरे, म्हणजे आमचे नाना, वरच्या गॅलरीतून ओरडले, "सूनबाई, तुझ्यासमूर तर हाय की!"

समोर ट्रॅक्टर होता. आकाशी रंगाचा, गळ्यात झेंडूची माळ आणि दोन्ही दिव्यांना बेगड.

झालं होतं असं की, नानांनी कधीकाळी बैलजोडी विकून हा ट्रॅक्टर घेतला, पण बैलाचं नाव आणि बैलाचा सण मात्र विकला नाही. पुढे शेत बिल्डरला गेलं, ज्वारीच्या जागी इमारत उगवली, आम्हाला फ्लॅट मिळाले आणि सर्जाला पार्किंग मिळालं. तेव्हापासून तो जागचा हललेला नव्हता. पोळा मात्र एकदाही चुकला नाही. आंघोळ, माळ, औक्षण, रेडिएटरचं झाकण उघडून आत पुरणपोळीचा घास आणि मुख्य म्हणजे रंग! बैलाची शिंगं रंगवतात, तसे नाना दरवर्षी सर्जाला रंगवायचे. घरात ग्रिलचा, दाराचा, पिंपाचा जो ऑइलपेंट उरलेला असेल तो. नजर अधू झाल्यापासून तर ते हाताला लागेल ते रंगवायचे. खटके, दांड्या, पेडल, नटबोल्ट, सगळं एकाच भक्तिभावानं.

मग एका वर्षी सोसायटीच्या सभेत चेअरमन साठेसाहेब उभे राहिले. निवृत्त गृहस्थ, आवाज कधी चढत नसे, त्यामुळे लागायचं जास्त.

"नानासाहेब, एक शंका आहे. आपल्या पार्किंगमध्ये जे उभं आहे, ते वाहन आहे की स्मारक? वाहन असेल तर चालवून दाखवा. स्मारक असेल तर बागेत ठेवू. फक्त आपल्याकडे बाग नाही."

सगळे हसले. एका बांधावरून हाक मारली की चार शेतं पलीकडे ऐकू जायची, असे आमचे नाना. ते नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मला ते बघवलं नाही. आणि बघवलं नाही की माझी जीभ सुटते!

"वाहनच आहे!" मी उठून म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी सर्जा स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाईल. नाही गेला तर भंगारात द्या!"

घरी आल्यावर आमचे हे जिन्यातच थांबले.

"भंगारात द्या कशाला म्हणालीस?"

"बोलण्याच्या ओघात."

"ओघात माझ्या बापाचा बैल विकलास तू!"

दुसऱ्याच दिवशी मी स्वारगेटहून रशीदभाईंना आणलं. रिक्षा दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा पुण्यात कोणी नाही, असं ते स्वतःच सांगायचे. ट्रॅक्टर त्यांनी पूर्वी कधी उघडला नव्हता. "ताई, इंजिन म्हणजे इंजिन," ते म्हणाले. "रिक्षाला तीन चाकं, ह्याला चार. एकाच चाकाचा काय तो फरक!" आणि रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळंकुट्ट आणि चिकट.

"हे काय भरलंय आत?"

"पुरण," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "गूळ आपला सासवडचा हाय."

रशीदभाईंनी बोट पुसलं. "काकी, ह्याला मेकॅनिक नको होता. शुगरचा डॉक्टर हवा होता."

पुढचे कित्येक दिवस आम्ही सर्जाचं इंजिन खरवडत होतो. एकही नट दिसत नव्हता, दिसत होते फक्त नटाच्या आकाराचे रंगाचे फुगवटे. वर आकाशी, खाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. मी भूगोलाची असल्यामुळे थरांवरून काळ ओळखू लागले. ("हा चॉकलेटी म्हणजे आपलं दार बसवलं तेव्हाचा!") शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी सर्जा खोकला, शिंकला आणि धडधडायला लागला! काळ्या धुराचा लोट थेट पहिल्या मजल्यावरच्या साठेसाहेबांच्या पांढऱ्या बनियनांवर गेला. नाना हसत होते आणि डोळेही पुसत होते.

रशीदभाईंनी कशीबशी एक तार ओढून ते धूड बंद केलं. "इंजिन झालं, ताई. पण क्लच गंजून चिकटलाय, ब्रेकही बघायचाय. उद्या सकाळी करतो. तोवर कुणी हात लावू नका."

उद्याची सकाळ झाली. सगळी सोसायटी गेटपाशी जमली. रशीदभाईंचा पत्ता नव्हता. साठेसाहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "सूर्यास्तापर्यंत थांबायचं असेल तर खुर्च्या मागवतो."

नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना चढायला बंदी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते." (ट्रॅक्टरच्या सीटची उंची!) मग मी पदर खोचला. रोज हडपसर ते पेठ मोपेड चालवणाऱ्या बाईला ट्रॅक्टरचं काय कौतुक? मी चढले आणि किल्ली फिरवली.

घरंगळू नये म्हणून रशीदभाईंनी सर्जाला गिअरमध्ये ठेवला होता, हे मला कळलं नाही. त्याला मात्र पक्कं माहीत होतं.

एका हिसक्यात तो निघाला आणि माळ उडवत, रांगोळी तुडवत सरळ गेटबाहेर! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एका हातानं अभिवादन स्वीकारलं आणि ऐटीत क्लच दाबला. काही झालं नाही. ब्रेक दाबला. माझा फक्त पाय दुखला. किल्ली काढून घेतली, तरी सर्जा चालतोच आहे! डिझेलच्या इंजिनाला किल्लीशी काही देणंघेणं नसतं, हे ज्ञान मला भर हडपसरच्या रस्त्यावर झालं.

"सूनबाई, बंद कर!" मागून काठी टेकत येणारे नाना ओरडले. "काळी दांडी वढ!"

"कुठली काळी? सगळ्या निळ्या आहेत!"

दिसली ती दांडी मी ओढली. नांगर उचलायचे मागचे दोन लोखंडी हात सावकाश वर गेले. त्यांवर सासूबाईंनी नैवेद्याचं ताट ठेवलं होतं, तेही वर गेलं. दुसरा खटका दाबला, तर भोंगा वाजायला लागला आणि थांबेना. तिसरी दांडी रंगासकट माझ्या हातात आली.

सर्जाचा वेग माणसाच्या चालीइतकाच होता, त्यामुळे वरात छान जमली. पुढे मी भोंगा वाजवत, मागे सोसायटी, तिच्यामागे दोन बस आणि असंख्य रिक्षा. सासूबाई ताटाकडे हात उंचावून धावत होत्या, "अगं थांब, त्याचा घास ऱ्हायलाय!" हे शेजारून चालत हळूच म्हणाले, "जरा चेहरा नीट कर, लोक बघतायत." चौकातल्या हवालदारानं मला थांबायला हात दाखवला. मी त्याला हात जोडले. तो बिचारा बाजूला झाला.

शेवटी एका बांधकामाशेजारी वाळूचा ढीग दिसला. मी डोळे मिटून सर्जाला त्यात घातला. तो अर्धा चढला, गुरगुरला, गदागदा हलला आणि बंद पडला. भोंगाही थांबला.

नाना धापा टाकत पोचले. मला वाटलं, मला विचारतील, लागलं का पोरी? त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. "दमलं गं माझं वासरू," ते म्हणाले. सासूबाईंनी ताट उतरवून घेतलं आणि रेडिएटरशी गेल्या. तेवढ्यात रिक्षातून रशीदभाई उतरले. त्यांनी सर्जावर चढून पेडल दाबलं आणि खूश होऊन ओरडले, "ताई, हिसक्यानं क्लच सुटला की! माझं अर्धं काम तुम्ही केलंत!"

तेच सर्जाला परत घेऊन आले. शेजारी मडगार्डवर नाना बसले होते, ताठ, जसे पूर्वी बैलगाडीत बसत असतील. (गुडघ्याची बंदी त्या दिवशी कोणाला आठवली नाही.) मी मागून चालत आले.

त्या संध्याकाळी सभा झाली. साठेसाहेब उभे राहिले. "वाहन आहे, हे सिद्ध झालं. संशयाला जागाच ठेवलेली नाही. सर्जा इथंच राहील, कायमचा." नानांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

"फक्त एक अट," साठेसाहेब म्हणाले. "सूनबाई त्यावर बसणार नाहीत. कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. ठरावाच्या बाजूनं पहिला हात नानांनी वर केला, मग ह्यांनी. ठराव एकमतानं व्हावा म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी हाताची घडी सोडेना, तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा हात स्वतःच वर केला.