शीतगृहाच्या दारावरची थाप

अमोनियाचा वास नाकात शिरला की मला खाडीकाठचा तो कोळंबीचा कारखाना आठवतो. तिथे वायुगळती झाली तर कामगारांनी बाहेर कसं पडायचं, याचं प्रशिक्षण आखायचं काम माझ्याकडे होतं. पहिली रंगीत तालीम भर दुपारी घेतली. भोंगा वाजताच कोळंबी सोलणाऱ्या बायका गमबूट फदफदवत अंगणातल्या फणसाखाली जमल्या, पण त्यांच्यातली सगळ्यांत जुनी मावशी शीतगृहापाशीच थांबली. तिने दारावर तीनदा थाप मारली आणि कान लावून उभी राहिली. मी घड्याळ दाखवत ओरडलो, "मावशी, हे माझ्या कागदावर कुठंय? चला बाहेर!" ती हलली नाही. "मागल्या टायमाला गॅस सुटला तेवा आमी थांबलो नाय, साहेब. एक बाय आतच राह्यली." मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. चिडून मी दार उघडलं, आत दिवा लावून कोपरान् कोपरा पाहिला. गोठलेल्या कोळंबीचे खोके आणि धुक्यासारखी वाफ, बाकी कुणी नाही. दार ओढून घेतलं, आणि आतून थापा आल्या, सावकाश, तीन. फणसाखालच्या एकाही बाईने मान वळवली नाही. "झालं. आता चला," मावशी म्हणाली. आज मी दुसऱ्या कारखान्यांसाठी असेच कागद तयार करतो. 'दारावर थाप मारा आणि थांबा' ही ओळ प्रत्येकात असते. उत्तर आलं तर काय करायचं, ती ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.